ग्लो की इलेक्ट्रिक? ६० साइझच्या दोन मस्टँगचा दोन मोसमांचा हिशेब

एकाच प्लॅनवरून पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची रेडिओ-कंट्रोलवर उडणारी दोन मॉडेल बांधली. एकात ६१चं (०.६१ घनइंच) टू-स्ट्रोक ग्लो इंजिन, म्हणजे तापलेल्या प्लगवर मिथेनॉल पेटवणारं, दुसऱ्यात सहा सेलवर चालणारी ब्रशलेस मोटर. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाकूड लेझर कटिंगला दिलं आणि मे २०२५ मध्ये दुसरा मोसम संपल्यावर बेरीज मारली. ट्रेनर झाला, लो-विंग स्पोर्ट झालं, आता वॉरबर्ड, म्हणजे लढाऊ विमानाचं मॉडेल, हवं, पण खर्चाचा अंदाज येत नाही, अशांसाठी हे सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतोय. किमती पुण्यातल्या आणि २०२४ च्या आहेत. तुमच्याकडे थोडं मागेपुढे होईल.

मस्टँगच का, तर तुलना कडक व्हावी म्हणून. खऱ्या पी-५१डीचे पंख ११.२८ मीटर, आमच्या मॉडेलचे १.६५ मीटर, म्हणजे साधारण १:६.८. नाक निमुळतं, त्यामुळे उलटं बसवलेलं ग्लो इंजिन आणि मफलर काउलमध्ये (नाकावरच्या टोपणात) कोंबताना घाम फुटतो. मोटर मात्र सहज मावते. पी-४७ थंडरबोल्टसारखं गोल नाकाचं विमान घेतलं असतं तर ग्लोची अर्धी डोकेदुखी तिथेच मिटली असती. दुसरी गोष्ट प्रॉपची, म्हणजे पुढच्या पंख्याची. खऱ्याचा प्रॉप ३.४ मीटरचा, त्या प्रमाणात मॉडेलला साडेएकोणीस इंची हवा. ग्लोला १२×७ (व्यास × पिच, इंचांत) लागतो, इलेक्ट्रिकला १६×८ चालतो. जमिनीवर उभी असताना दोन्हीत खरी कोणती वाटते हे सांगायला नको.

आधी कागदपत्रं, कारण पैसे आणि महिने तिथूनच जायला लागतात. ९ फेब्रुवारी २०२२ च्या डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने तयार ड्रोन आणि जोडणीचे किट या दोन्हींची आयात बंद केली, सुटे भाग मात्र खुले ठेवले. पंखांसकट अख्खं एआरएफ (जवळजवळ बांधून तयार मॉडेल) परदेशातून मागवलं तर कस्टममध्ये ते कशात मोडतं यावरच वाद सुरू होतो. बिलावर ‘टॉय’ असा शब्द असेल तर आणखी पंचाईत: खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२० मध्ये ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के, आणि वर बीआयएस मार्क लागतो तो वेगळा. म्हणून सांगाडा इथेच कापून घेतला आणि बाहेरून फक्त इंजिन, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) मागवली, बिलावर प्रत्येक भागाचं नेमकं नाव लिहायला सांगून. डिसेंबरच्या शेवटी आलेलं पार्सल केवायसी आणि वापराचं पत्र दिल्यावर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुटलं. रिसीव्हर मात्र देशातच घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या उपकरणाला आयात करताना डब्ल्यूपीसी या सरकारी वायरलेस विभागाची ईटीए मंजुरी लागते, एका रिसीव्हरसाठी तो खटाटोप परवडत नाही.

लायपो पॅक (लिथियम-पॉलिमर बॅटरी) बाहेरून मागवायचा विचारच सोडा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. देशातल्या देशातही कुरियरवाले रस्त्याने पाठवतात, तेव्हा मैदानावर जायच्या आठवड्यात ऑर्डर टाकून उपयोग नाही.

मैदानाचा प्रश्न दोघांना सारखाच. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोच्या आतल्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण नकाशा बघावाच लागतो. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंतच ग्रीन झोन (परवानगी न घेता उडवता येतं ती हवा), त्याबाहेर १२० मीटरपर्यंत. पुण्यात लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए दोन्ही आहेत, म्हणून शहराजवळची बरीच सोयीची माळरानं बाद होतात. मस्टँग वळायलाच एवढी जागा घेतं की ६० मीटरची मर्यादा जाचते. गाडी थोडी लांब न्यायची तयारी ठेवा.

आता खरेदी. सांगाडा, फिल्म, रिट्रॅक्ट (आत घेता येणारी चाकं), कंट्रोल सरफेस हलवणारे सर्वो, रिसीव्हर हे दोघांत सारखं, विमानामागे साधारण ३८,०००. ते बाजूला ठेवू.

ग्लोचा खर्च असा: रिंगवालं ६१ इंजिन मफलरसकट ११,५००, चार प्लग २,२००, माउंट ४५०, ४०० मिलीची टाकी, सिलिकॉन नळी आणि फिल्टर ९००, प्रॉप ४५०, काउलबाहेर काढलेली रिमोट ग्लो लीड ६००, थ्रॉटलचा सर्वो ७००. विमानात बसणारं मिळून १६,८००. मैदानावरचं सामान वेगळं: स्टार्टर २,८००, १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी १,१००, इग्नायटर चार्जरसकट ९००, हातपंप ६००. एकूण २२,२००.

इलेक्ट्रिकचा असा: ४०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ४०० फेऱ्या) मोटर ५,८००, ८० अँपची ईएससी ५,२००, वेगळी यूबीईसी (रिसीव्हर-सर्वोला वीज देणारी) १,१००, प्रॉप ९००, एक्सटी-९० अँटिस्पार्क कनेक्टर आणि जाड वायर ६००. म्हणजे १३,६००. चार्जर ६,५००, त्याला लागणारा २४ व्होल्ट १५ अँपचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुण्याच्या तपकीर गल्लीतून २,४००, पॅक ठेवायची पत्र्याची पेटी आणि पिशव्या ७००. इथपर्यंत २३,२००. म्हणजे ग्लोच्या जवळपास बरोबरीत, फक्त हजाराचा फरक. मग सहा सेल ५,००० एमएएचचे तीन पॅक, प्रत्येकी ८,४००, आले २५,२००.

सगळा वाद या शेवटच्या आकड्याचा आहे. लोक इंजिनाची किंमत आणि मोटरची किंमत शेजारी ठेवतात आणि मोटर स्वस्त म्हणून खूश होतात. पॅक हे सामान नाहीच, ते आगाऊ विकत घेतलेलं इंधन आहे. मेसचे वर्षाचे पैसे भरले की जेवा किंवा गावाला जा, पैसे गेलेले असतात, तसंच.

इंधन घरी बनवलं. तयार १० टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेन) इंधन लिटरला ८०० च्या आसपास पडतं, वर पोचवायचा खर्च, कारण ज्वालाग्राही द्रव कोणी सुखासुखी नेत नाही. टू-स्ट्रोकला नायट्रोशिवाय छान चालतं: ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल, बस. चार लिटर मिथेनॉल ४४०, एक लिटर एरंडेल ३२०, म्हणजे लिटरला १५२ रुपये. एरंडेल बीएसएस किंवा एफएसजी ग्रेडचं घ्या. औषधाच्या दुकानातली छोटी बाटली महाग पडते आणि किराण्याच्या सुट्या एरंडेलात गाळ असतो, तो इंधन कमी-जास्त करणाऱ्या नीडलमध्ये जाऊन बसतो. मिथेनॉल विषारी द्रव्यांत मोडतं, विकणाऱ्याला परवाना लागतो आणि तो आपलं ओळखपत्र घेऊन नाव, पत्ता, कारण नोंदवून घेतो. त्यात वावगं काही नाही, पण आधार कार्डाची प्रत सोबत न्या. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डबा गच्च भरलेला आणि घट्ट बंद असावा. पोटात गेलं तर डोळे जातात, आणि त्याची आग भर उन्हात दिसत नाही. या दोन कारणांसाठी डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. फोर-स्ट्रोक घेणार असाल तर हा स्वस्ताईचा मार्ग तितका सोपा नाही. आयडल स्थिर राहायला त्याला थोडं नायट्रो आवडतं, आणि खर्चाचं गणित बदलतं.

बांधणीत फरक नाकापासून पंखाच्या मुळापर्यंतच. ग्लोच्या विमानात फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची फळी), टाकीची खोली आणि काउलचा आतला भाग इपॉक्सी पातळ करून दोन हात रंगवावा लागतो. एक फट राहिली तरी एरंडेल बाल्सात मुरतं, आणि तेल प्यालेल्या लाकडाला नंतर कुठलाच गोंद धरत नाही. उलट्या इंजिनाला टाकीचा मध्य स्प्रेबारच्या (कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या नळीच्या) रेषेत किंवा किंचित खाली हवा. वर राहिली तर टाकी भरल्याभरल्या इंधन ओघळून डोक्यात जमतं. मग स्टार्टर लावला की द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यावर उपाय फुकटचा आहे: स्टार्टर लावण्याआधी प्रॉप हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर प्लग काढून इंधन बाहेर सांडा.

इलेक्ट्रिकला टाकीऐवजी पॅकची ताटली आणि वरून उघडणारं झाकण लागतं. पॅक ७८० ग्रॅमचा. तो पुढे-मागे सरकवूनच सीजी (गुरुत्वमध्य) जमतो, नाकात शिसं घालावं लागत नाही. ईएससी आणि पॅकमधली वायर लांबवायची वेळ आली तर लांबी मोटरच्या बाजूला वाढवा. पॅकच्या बाजूची वायर लांबली की व्होल्टेजचे झटके बसतात आणि ईएससीचे कपॅसिटर जातात. हवा आत यायला जेवढी जागा, त्याच्या दुप्पट तरी बाहेर जायला हवी. आत येणारी भोकं सगळे करतात, बाहेर जाणारी विसरतात.

वजनात ग्लोचं इंजिन, मफलर आणि भरलेली टाकी मिळून एक किलोच्या आसपास, तर मोटर, ईएससी आणि पॅक मिळून पावणेतेराशे ग्रॅम. उडताना टाकी रिकामी होत जाते आणि ती सीजीच्या पुढे असल्याने विमान हळूहळू शेपटीकडे जड होतं. म्हणून ग्लोचा सीजी रिकाम्या टाकीवर तपासायचा. इलेक्ट्रिक चढतं त्याच वजनाने उतरतं.

मार्चमध्ये चाचणी. रिंगवालं इंजिन पहिल्या दोन लिटरपर्यंत भरपूर रिच (इंधन जास्त) चालवावं लागतं, धूर आणि तेल उडवत, मधेमधे थंड होऊ देत. या दोन लिटरांचा खर्च तीनशे रुपये, पण त्यात चार रविवारच्या संध्याकाळी जातात आणि शेजारी विचारायला येतात. इलेक्ट्रिकला वॉटमीटर लावून थ्रॉटल पूर्ण दिला: ५२ अँप, सुमारे १,१०० वॉट. ३.९ किलोच्या विमानाला किलोमागे २८० वॉट पडतात, वॉरबर्डला २२० ते ३३० पुरतात. मीटर न लावता प्रॉप बदलू नका. व्यासाचा एक इंच वाढला की विजेचा ओढा पाचव्या हिश्शाने वाढतो.

पहिली उड्डाणं एप्रिल २०२४ मध्ये, सकाळी आठच्या आत. ग्लोवर दहा मिनिटं निवांत, त्यात ३०० मिली जातं. इलेक्ट्रिकचा टायमर साडेसहा मिनिटांवर, कारण पॅकमधलं ८० टक्केच वापरायचं. उतरताना एकदा पुन्हा वर जाऊन फेरी मारावी लागते हे गृहीत धरून. मस्टँगला थ्रॉटल पटकन हवा असतो, विशेषतः रिट्रॅक्ट खाली आणि फ्लॅप बाहेर असताना. मोटर लगेच देते. उलटं बसवलेलं इंजिन आयडलवर थंड पडलं असेल तर खोकतं, आणि जड पंखभाराचं विमान डेडस्टिक झालं (हवेतच इंजिन बंद पडलं) की मैदानापर्यंत पोचेलच असं नाही. नायट्रो नसलेल्या इंधनाला गरम प्लग वापरा, आणि आयडल खाली उतरवण्याच्या मोहात पडू नका. प्रॉपच्या मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांखाली जायची गरज नसते.

दुपारी एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत पॅक ठेवणं म्हणजे पैसे तापत ठेवणं. सावलीत, उघड्या पेटीत ठेवायचे. उडून आलेला पॅक हाताला कोमट लागेपर्यंत चार्जरला लावायचा नाही. मैदानावर चार्ज करायचं तर एका पॅकला १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ एएच जातात. गाडीच्या ३५ एएचच्या बॅटरीतून दोन पॅक भरले की परत जाताना गाडी ढकलायची तयारी. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी न्यावी किंवा तीन पॅक घरून भरून न्यावे. आम्ही दुसरं केलं, म्हणून हिशेबात मैदानावरची मोठी बॅटरी नाही. डिसेंबरच्या पहाटे ग्लोला नीडल दोन-तीन क्लिक उघडावी लागते, थंड हवा दाट असते. उन्हाळ्यात परत बंद करायची. इलेक्ट्रिकला हे काही नाही, फक्त पॅक थंड असेल तर पहिलं मिनिट जोर कमी.

जून ते सप्टेंबर दोन्ही विमानं भिंतीला टांगलेली. पश्चिम महाराष्ट्रात या छंदाची खरी किंमत या चार महिन्यांत ठरते, कारण दोघांचं नुकसान न उडताच होतं. ग्लोच्या बेअरिंगना मिथेनॉलमधलं पाणी खातं. शेवटच्या उड्डाणानंतर इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवायचं, मग प्लगच्या भोकातून आणि कार्बोरेटरमधून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) तेलाचे आठ-दहा थेंब टाकून स्टार्टरने फिरवायचं. हे टाळलं तर ऑक्टोबरमध्ये मागचं बेअरिंग खरखरतं. जोडी आठशे-हजाराला मिळते, इंजिन ओव्हनमध्ये तापवून बसवता येते. एरंडेलाचा चिकट थर बसून पिस्टन अडकला तर हेअर ड्रायरने तापवा, जोर लावू नका.

पॅकचं गणित कडू. भरलेला पॅक चार महिने पडून राहिला की फुगतो, आणि फुगलेला ८,४०० चा पॅक दुरुस्त होत नाही. सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवायचा. उडायला निघालो आणि पावसाने घरी बसवलं, असं जूनच्या सुरुवातीला हमखास होतं, आणि चार्जरची डिस्चार्ज करायची ताकद इतकी कमी असते की एका पॅकला रात्र जाते. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. साडेचार अँप खेचतात, अर्ध्या तासात पॅक निम्म्यावर येतो. सेलचा अलार्म लावून ठेवा आणि शेजारी बसा. बल्ब चांगलेच तापतात, फरशीवर ठेवायचे, सतरंजीवर नाही.

दुसऱ्या मोसमात आणखी एक फरक कळला, नाक टेकल्यावरचा. गवतात उतरताना मस्टँग नाकावर जाणारच. ग्लोचं इंजिन बंद पडतं, फार तर साडेचारशेचा प्रॉप जातो. मोटर अडलेली असताना थ्रॉटल थोडाही उघडा राहिला तर ईएससी जळते, ५,२०० ची. थ्रॉटल कट एका स्विचवर ठेवा आणि चाकं टेकली की बोट त्यावर असू द्या. जमिनीवर पॅक जोडतानाही तोच स्विच. सोळा इंची प्रॉप आणि हजार वॉट बोटांची पर्वा करत नाहीत.

आता उड्डाणामागे. ग्लो, घरचं इंधन: ३०० मिलीचे ४६ रुपये, प्लग पंचेचाळीसेक उड्डाणं टिकतो असं धरून १२, मिळून ५८. तयार इंधनावर हेच २५२. इलेक्ट्रिक: पॅकमागे दीडशे उड्डाणं धरली तर ५६, वीज दीड रुपया, म्हणजे पुन्हा ५८च्या घरात. वहीत हे दोन आकडे शेजारी आले तेव्हा बेरीज पुन्हा तपासली. मिनिटाच्या हिशेबाने मात्र ग्लो पावणेसहा रुपये आणि इलेक्ट्रिक नऊच्या जवळ.

पण दीडशे उड्डाणं ही पॅक नीट सांभाळला आणि तेवढी उडवली तरच. चांगला ठेवलेला पॅकही तीनेक वर्षांत दम सोडतो, उडवा न उडवा. तीन पॅकवर तीन वर्षांत साडेचारशे उड्डाणं म्हणजे पावसाळा सोडून जवळजवळ दर रविवारी चार-पाच. महिन्यातून एकदा जाऊन दोन-तीनदा उडवणाऱ्याची त्याच काळात साठ-सत्तर होतात, आणि त्याला एक उड्डाण साडेतीनशेच्या पुढे पडतं. त्याच्यासाठी घरच्या इंधनावरचं ग्लो सरळ स्वस्त, किंवा मग तीनऐवजी एकच पॅक घ्यावा. तयार इंधनच घेणार असाल तर तीन वर्षांत शंभर उड्डाणांच्या पुढे इलेक्ट्रिक परवडायला लागतं. आणि मैदानाला लागून वस्ती असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून मोटर लावा. इंजिनाच्या आवाजाने मैदान गेलं तर लिटरमागे वाचलेल्या पैशांचं करायचं काय.

मोडीत काढताना फरक पुन्हा दिसतो. नीट ठेवलेलं ६१ इंजिन निम्म्या किमतीला लगेच जातं, मोटर-ईएससीलाही गिऱ्हाईक मिळतं. वापरलेला पॅक कोणी घेत नाही, घेऊही नये. तो त्याच बल्बांवर पूर्ण शून्यावर आणायचा, बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडलेला ठेवायचा, मग वायरींची टोकं टेपने वेगवेगळी गुंडाळून ई-कचरा केंद्रावर द्यायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेटतोही.